विश्रामबागेतला शनिवारचा पालकांचा बिहेवियर क्लास: करावा का, कुणी करावा, काय खटकलं

मिरज, कुपवाड, माधवनगर, तासगाव इकडच्या बऱ्याच आयांनी विचारलं म्हणून एकदाच सविस्तर लिहितेय. सांगलीत विश्रामबागेत शंभर फुटी रस्त्याच्या आतल्या बाजूला मुलांचं थेरपी सेंटर आहे, तिथे शनिवारी दुपारी फक्त पालकांसाठी क्लास असतो, मुलांना आणायचं नाही, आपणच बसायचं आणि शिकायचं. आधी उत्तर देऊन टाकते. करा. आणि जमलं तर घरातल्या आजीआजोबांना घेऊनच करा, कारण एकट्या आईनं करून अर्धाच उपयोग. तक्रारी पण आहेत माझ्या, त्या पुढे लिहिल्यात, त्यामुळे सेंटरचं आणि तिथल्या कुणाचंच नाव टाकत नाहीये.

माझा मुलगा पाच वर्षांचा आहे, ऑटिझम आहे, शब्द मोजकेच आहेत आणि मनासारखं झालं नाही की कपाळ फरशीवर आपटायचा. आमच्या बॅचमध्ये सगळे ऑटिझमवालेच नव्हते हां, साध्या हट्टी मुलांचे आईबाबा पण होते, एक जुळ्यांची आई होती, आणि शिकवायचं तेच ते सगळ्यांना चालत होतं कारण विषयच मुळात वागणं कसं वाढतं आणि कसं कमी होतं हा आहे.

पहिल्या दिवशी थिअरी काहीच नाही. एक वही, तीन रकाने. आधी काय घडलं, मुलानं काय केलं, आणि त्यानंतर लगेच काय घडलं. बास. मधल्या रकान्यात ‘चिडला’, ‘हट्ट केला’, ‘मुद्दाम केलं’ असलं काही लिहायचं नाही, कॅमेऱ्याला जे दिसलं असतं तेवढंच लिहायचं, म्हणजे ‘ताट ढकललं’, ‘कपाळ फरशीला लावलं’. ऐकायला सोपं वाटतं पण पहिल्या आठवड्यात निम्म्या लोकांच्या वह्या शिकवणाऱ्या मॅडमनी परत दिल्या, कारण सगळ्यांनी मुलाचा स्वभाव लिहून आणलेला, काय घडलं ते कुणीच लिहिलं नव्हतं. मला विचाराल तर पूर्ण कोर्समधली सगळ्यात कामाची गोष्ट ही वहीच आहे. तिसरा रकाना भरताना जे दिसतं ना ते दुसरं कुणी सांगून पटत नाही.

मग दुसऱ्या शनिवारी फळ्यावर चार चौकोन काढले. वागण्यानंतर काहीतरी घडतं आणि त्यामुळे ते वागणं पुढे वाढतं, ते रीइन्फोर्समेंट. काहीतरी घडतं आणि त्यामुळे ते वागणं पुढे कमी होतं, ते पनिशमेंट. आणि दोन्हीत प्लस नाहीतर मायनस, म्हणजे काहीतरी मिळालं की काहीतरी गेलं. प्लस म्हणजे चांगलं आणि मायनस म्हणजे वाईट असा अर्थ इथे अजिबात नाही, नुसती बेरीज वजाबाकी. मॅडमनी उदाहरणं सगळी आमच्याच वह्यांतली घेतली हे फार आवडलं मला. पोरगं ‘पाणी’ म्हणालं, पाणी मिळालं, दुसऱ्या दिवशी जास्त वेळा म्हणालं, हे प्लस रीइन्फोर्समेंट. मिक्सर चालू होता, मुलानं आईला ढकललं, आईनं मिक्सर बंद केला, मग पुढे मिक्सर लागला की ढकलणं ठरलेलंच, हे मायनस रीइन्फोर्समेंट, नको असलेली गोष्ट गेली म्हणून ढकलणं वाढलं. गरम तव्याला बोट लावलं, चटका बसला, परत तिकडे गेलं नाही, हे प्लस पनिशमेंट. बाथरूममध्ये पाणी उडवलं, बादली उचलून ठेवली आणि उडवणं कमी झालं, तर मायनस पनिशमेंट. ते मिक्सरचं उदाहरण नीट लक्षात ठेवा, कारण भलेभले शिकलेले लोक मायनस रीइन्फोर्समेंटला शिक्षा समजतात, आमच्या बॅचमधले एक कॉलेजात शिकवणारे सर पण तेच समजत होते. शिक्षेनं वागणं कमी होतं, हे वाढवणारं आहे.

आता यातला कळीचा मुद्दा, आणि यासाठीच मी म्हणते की पैसे वसूल आहेत. आपण काय म्हणून दिलं त्याला काही अर्थ नाही, पुढे वागणं वाढलं का घटलं यावरच ठरतं ते बक्षीस होतं का शिक्षा. माझा मुलगा ज्या बालवाडीत जात होता तिथे त्यानं खडू फेकले की बाई त्याला बाहेर बाकावर बसवायच्या, त्यांच्या लेखी ती शिक्षा. पण वर्गात तीसेक पोरांचा गलका, वर पंखा घरघरतोय, त्याला तिथून बाहेरच पडायचं होतं! खडू फेकला की बाहेर. आठवडाभराच्या नोंदी बघितल्या तर खडू फेकणं वाढतच गेलेलं. म्हणजे ती शिक्षा नव्हतीच, वर्गातून सुटका होती आणि ती त्याला फेकण्याबद्दल मिळत होती. दुसऱ्या एका मुलीचं उलटं, ती ओरडा खायला मुद्दाम लाईटची बटणं खालीवर करायची, कारण आई दिवसभर दुकानात आणि ओरडायला का होईना पण त्या वेळी आई पूर्ण तिच्याकडे बघायची. बाहेरून दोघांचं वागणं एकाच जातीचं दिसतं, खोड्या म्हणून, पण एकाला सुटका हवीय आणि एकीला लक्ष. मॅडम म्हणाल्या की कारणं साधारण चार गटात बसतात, कुणाचं लक्ष मिळणं, नको त्या गोष्टीतून सुटणं, एखादी वस्तू किंवा खाणं मिळणं, आणि ते करण्यातच शरीराला बरं वाटणं. ब्रायन इवाटा नावाचे संशोधक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८२ मध्ये याची नीट चाचणी मांडली, म्हणजे मुलाला वेगवेगळ्या परिस्थितीत ठेवून बघायचं की स्वतःला इजा करणं नेमकं कशात वाढतंय. कारण शोधल्याशिवाय उपाय ठरवायचाच नाही, हा तिथला नियम आहे आणि तो पाळतात.

आणि एक, वागणं अचानक वाढलं तर आधी डॉक्टरकडे पाठवतात. कान दुखतोय का, दात येतोय का, पोट साफ आहे का. ज्याला बोलता येत नाही ते मूल दुखलं तर डोकंच आपटणार ना. मी आधी ज्या एका ठिकाणी चौकशी केलेली तिथे हे कुणी विचारलं पण नव्हतं.

आत्यांना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, मी तिसऱ्या शनिवारपासून न्यायला लागले. मुलगा ओरडायला लागला की आत्या मोबाईल हातात द्यायच्या, तो गप्प. मॅडमनी त्यांच्यासमोर फळ्यावर दोन रेघा ओढल्या. एक मुलाची, ओरडलं की मोबाईल मिळतो म्हणून ओरडणं वाढतंय. दुसरी आजीची, मोबाईल दिला की कानठळ्या बंद होतात म्हणून मोबाईल देणं वाढतंय. आत्या दोन मिनिटं बघत बसल्या आणि म्हणाल्या, “अहो मॅडम, म्हणजे तो मला शिकवतोय की!” सगळा वर्ग हसला पण मॅडम हसल्या नाहीत, त्या म्हणाल्या बरोबर आहे आजी, दोघं एकमेकांना शिकवताय. त्या दिवसापासून आत्या स्वतःची वही लिहितात, आणि माझ्यापेक्षा नीट लिहितात. घरात कुणाला दोष न देता हे समजावून सांगता येणं ही त्या बाईंची खरी हातोटी आहे. एरवी अशा ठिकाणी आईला नाहीतर आजीला धरून बोलतात, तुमच्या लाडानं झालं म्हणून, आणि मग घरी येऊन भांडणं. इथे तसं एकदाही झालं नाही.

थोडा इतिहास पण सांगतात आणि तो रटाळ नाही. एडवर्ड थॉर्नडाइक या मानसशास्त्रज्ञांनी १८९८ मध्ये मांजरांना कडीच्या पेटीत ठेवलं, बाहेर मासा. मांजर पंजे मारतं, ओरबाडतं, कधीतरी चुकून कडी ओढली जाते आणि दार उघडतं. पुन्हा पुन्हा ठेवलं की वेळ कमी कमी होत जातो. एकदम अक्कल आली असं नाही, हळूहळू. ज्या कृतीनंतर बरं घडलं ती टिकली, बाकीच्या गळून पडल्या. मग दुसरे मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर आले, पेटीत उंदीर, दांडी दाबली की खाण्याची गोळी. त्यांचं एक यंत्र एकदा अडकलं, गोळ्या यायच्या बंद झाल्या, आणि त्यामुळेच त्यांना मिळणं बंद झालं की वागणं कसं उतरत जातं त्याचा पहिला आलेख हाती लागला. याला एक्स्टिंक्शन म्हणतात. जे मिळत होतं ते मिळेनासं झालं की वागणं विझत जातं.

पण विझायच्या आधी भडकतं. हे कुणी सांगत नाही आणि इथे हे अगदी घसा कोरडा करून सांगतात. मोबाईल देणं बंद केलं तर पहिल्यांदा ओरडणं कमी नाही होणार, वाढणार, जोरात होणार, नवे प्रकार निघतील, लाथा, थुंकणं, आणि नेमकं त्याच वेळी शेजारच्या काकू बेल वाजवून विचारणार काय झालं गं. तिथे जर दिलात मोबाईल, तर मूल काय शिकलं? एवढ्या वर गेलं की मिळतं. म्हणून मॅडम सुरू करायच्या आधी एक फॉर्म भरून घेतात, घरात कोण कोण आहे, कुणाला जमणार नाही, पुढच्या पंधरवड्यात लग्नकार्य, गणपती, पाहुणे आहेत का. असतील तर सुरूच करू नका म्हणतात. मला हा प्रामाणिकपणा फार मोठा वाटला. आणि जिथे मूल स्वतःला इजा करून घेतं तिथे नुसतं दुर्लक्ष करा असं त्या कधीच सांगत नाहीत, डोक्याखाली उशी सरकवायची, हात मध्ये घालायचा, इजा होऊ द्यायची नाही, फक्त त्या क्षणी मोठी मोठी भाषणं आणि मोबाईल नाही.

आमच्या घरची खरी अडचण मामांची, म्हणजे सासऱ्यांची. ते रोज द्यायचे नाहीत, कधीतरी. चार वेळा नाही म्हणायचे, पाचव्यांदा “जाऊ दे गं, दे त्याला” म्हणायचे. मला वाटायचं कधीतरीच देतात ना मग काय मोठंसं. तर याच्यावर चार्ल्स फर्स्टर आणि स्किनर यांनी १९५७ मध्ये केवढं तरी काम छापलंय, बक्षीस दरवेळी दिलं तर काय होतं, ठराविक वेळेनं दिलं तर काय, आणि कधी मिळेल त्याचा नेम नसला तर काय. नेम नसला की वागणं सगळ्यात चिवट होतं, बंद केलं तरी लवकर जात नाही. कृष्णेच्या घाटावर गळ टाकून बसलेली पोरं बघा, मासा कधी लागेल सांगता येत नाही म्हणूनच तर ती तासन्‌तास उठत नाहीत. मामा क्लासला आले नाहीत, येणारही नाहीत, पण हे उदाहरण आत्यांनी घरी सांगितलं आणि त्यांना ते पटलं, कारण ते स्वतः गळ घेऊन बसलेत तरुणपणी. हीच गोष्ट चांगल्या कामाला पण वापरता येते, नवीन शब्द शिकताना सुरुवातीला दरवेळी द्यायचं, बसला की मग मधूनमधून, म्हणजे तो शब्द टिकतो. हा भाग मात्र क्लासमध्ये फार भराभर उरकतात, एका शनिवारात सगळं कोंबलंय, दोन तरी हवेत.

सगळ्यात जास्त फरक ज्यानं पडला ते कार्ड. नुसतं बंद करून भागत नाही, त्या जागी काय करायचं ते दिलं पाहिजे. एडवर्ड कार आणि मार्क ड्युरँड यांनी १९८५ मध्ये दाखवलं की मूल ज्यासाठी त्रास देतंय तीच गोष्ट मागायची साधी पद्धत शिकवली, म्हणजे ‘मदत करा’ किंवा ‘बघा ना मी काय केलं’ एवढं बोलायला शिकवलं, तर त्रासाचं वागणं घसरतं. आमच्याकडे मिक्सर. तर एक पुठ्ठ्याचं कार्ड केलं, त्यावर हाताच्या पंजाचं चित्र, अर्थ ‘थांब’. सुरुवातीला मिक्सर लांब ठेवून एकच क्षण चालवायचा, त्याचा हात धरून कार्ड आपल्या हातात द्यायला लावायचं आणि लगेच, त्याच सेकंदाला, बंद. ढकलायची वेळच येऊ द्यायची नाही. मॅडमची अट अशी की सुरुवातीच्या आठवड्यांत कार्ड आलं की दरवेळी मान्य करायचं, चटणी अर्धी वाटलेली असू दे, पाहुणे जेवायला बसलेले असू देत. हे करायला फार जड जातं, खरं सांगते, सकाळी डब्याच्या घाईत तो पाच पाच वेळा कार्ड आणून द्यायचा आणि मी पाच वेळा मिक्सर बंद करायचे. पण त्याला एकदा कळलं की या पुठ्ठ्याला ढकलण्यापेक्षा जास्त ताकद आहे, तेव्हा ढकलणं आपोआप मागे पडलं. मग हळूहळू ‘थांब’ ला ‘एक, दोन, तीन, आणि बंद’ जोडलं, नंतर दहापर्यंत. आता तो कार्ड दाखवून कान झाकून दुसऱ्या खोलीत जातो आणि चटणी होते. माझ्या लेकानं आयुष्यात पहिल्यांदा एक गोष्ट ‘मागितली’ आणि घरातल्या सगळ्यांनी ती ऐकली, याचं मोल मी कशात सांगू.

बक्षीस काय असावं यावर एक पूर्ण शनिवार आहे आणि तो मजेशीर आहे. मुलासमोर दोन दोन वस्तू ठेवायच्या, कशाला हात घालतो ते लिहायचं, आपल्याला काय वाटतं ते बाजूला. माझ्या मुलाला शाब्बास, टाळ्या, मिठी यातलं काहीच चालत नाही, मिठीनं तर तो आक्रसतो. त्याला चालतं भडंग. आपलं सांगलीचं, लसूणवालं. पण जेवण झाल्यावर त्याच भडंगाला शून्य किंमत, म्हणून काम जेवणाआधी आणि एकेका चिमटीनं, वाटीभर नाही. दुसऱ्या एका मुलाला शिलाई मशीनचं चाक फिरताना बघायला आवडायचं, तेच त्याचं बक्षीस. डेव्हिड प्रीमॅक यांनी १९५९ मध्ये मांडलं की मूल जे आपणहून जास्त करतं ते, जी गोष्ट ते कमी करतं तिच्या मागे लावायचं. म्हणजे आधी बूट घाल मग विश्रामबाग स्टेशनवर रेल्वे बघायला. आपल्या आज्या हे न शिकता करत आल्यात, भाजी संपव मग शिरा. आणि वेळ, वेळ महत्त्वाची, दोन मिनिटांनी दिलेलं बक्षीस भलत्याच वागण्याला चिकटतं, मधल्या वेळात तो जे काही करत असेल त्याला.

एका बाबांनी विचारलं ही लाचच झाली ना. मॅडमनी सांगितलेलं मला पटलं, गोंधळ चालू असताना गप्प बसवायला देतो ती गोंधळाचीच मजुरी होते, आणि काम झाल्यावर देतो ती कामाची. पण त्यांनी दुसरी बाजू पण सांगितली, १९७३ मधला मार्क लेपर आणि सहकाऱ्यांचा प्रयोग, ज्या लहान मुलांना मुळातच चित्रं काढायला आवडत होतं त्यांना बक्षीस कबूल करून काढायला लावली, तर नंतर मोकळ्या वेळात ती मुलं बाकीच्यांच्या जवळजवळ निम्माच वेळ चित्रं काढायला बसली. म्हणून जे मूल आपल्या आनंदानं करतंय त्याला चांदण्या चिकटवत बसू नका. तक्ते लावायची हौस असलेल्या सगळ्यांनी हे ऐकायला पाहिजे.

आता शिक्षेचा शनिवार. मला भीती होती की इथे एकतर ‘फटका कधीच मारू नये’ एवढंच प्रवचन मिळेल नाहीतर ‘थोडं कडक वागावंच लागतं’. दोन्ही नाही. त्यांनी सरळ सांगितलं की शिक्षेनं वागणं दबतं, हे खोटं नाही. नेथन अझरिन आणि विल्यम होल्झ यांनी १९६६ मध्ये हे सगळं गोळा करून मांडलंय, शिक्षा चालायची असेल तर ती लगेच, दरवेळी आणि सुरुवातीपासूनच जोरदार लागते. आता विचार करा, घरात कुठला माणूस दरवेळी आणि लगेच हजर असतो? आणि सुरुवातीपासून जोरदार म्हणजे पाच वर्षांच्या पोराला काय करणार तुम्ही? घरात होतं ते उलटंच, आधी हळूच चापट, मग सवय झाली की थोडी जोरात, मग अजून. विल्यम एस्टीस यांनी १९४४ मध्ये उंदरांवर दाखवलं की सौम्य शिक्षेनं दांडी दाबणं थोडा वेळ थांबतं पण शिक्षा संपली की परत वर येतं. शिवाय मूल शिकतं ते एवढंच की बाबा घरात असताना करायचं नाही. काय करायचं ते चापटीतून कळतच नाही. मारणाऱ्या माणसाची, त्या खोलीची, त्या अभ्यासाचीच भीती बसते. आणि शेवटचा मुद्दा ऐकून वर्ग एकदम शांत झाला, चापट मारली की मूल तेवढ्यापुरतं गप्प होतं, म्हणजे मारणाऱ्याला मायनस रीइन्फोर्समेंट मिळालं, म्हणून मारणाऱ्याचा हात पुढच्या वेळी लवकर उठतो. तो बसलेल्यांपैकी कितीतरी जणांच्या घरचा हिशोब होता.

याच दिवशी त्यांनी स्वतःच्या विषयातली काळी बाजू पण लपवली नाही. १९६० च्या दशकात अमेरिकेत कॅलिफोर्निया विद्यापीठात मानसशास्त्रज्ञ इव्हार लोव्हास ऑटिझमच्या मुलांना चापट्या आणि विजेचे झटके सुद्धा वापरत. त्यांचा १९८७ चा अभ्यास, १९ मुलांपैकी ९ जण सर्वसाधारण शाळेत पहिली पार झाले वगैरे, तो आजही जाहिरातींत वापरतात, पण मुलांचे गट चिठ्ठी टाकून पाडलेले नव्हते आणि त्यात दरडावणं आणि मांडीवर फटका पण होता हे जाहिरातीत येत नाही. ऑटिझम असलेली मोठी माणसं आज स्वतः सांगतायत की आम्हाला हात हलवू नको, डोळ्यात बघ म्हणून जे करायला लावलं त्यानं आम्हाला जखमा झाल्या. मॅडमनी हे सगळं सांगून मग सेंटरचा नियम सांगितला, मूल हात फडफडवतं, गोल फिरतं, त्यानं कुणाला इजा होत नसेल तर ते बदलायला आम्ही हात लावणार नाही. मला त्या क्षणी त्या बाईंबद्दल फार आदर वाटला. शाळेबाबत पण सांगितलं, शिक्षण हक्क कायदा २००९, कलम १७, शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हीला बंदी आहे, हे आईबाबांना तोंडपाठ पाहिजे. आणि २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ऑटिझम स्पष्ट नावानं आहे.

म्हणूनच पुढची तक्रार जास्त लागली मला. खालच्या मजल्यावर थेरपी रूममध्ये एक नवीन ताई होत्या, त्या मुलाला खेळणं द्यायच्या आधी दरवेळी ‘हात शांत’ म्हणून त्याचे हात धरून मांडीवर दाबायच्या. म्हणजे वर जे शिकवतात त्याच्या बरोबर उलटं खाली चाललेलं. मी सांगितल्यावर मॅडमनी त्याच दिवशी थांबवलं आणि त्या ताईंना परत ट्रेनिंगला बसवलं, पण पालकानं बघितलं नसतं तर? नवीन स्टाफवर लक्ष कमी पडतंय. काचेतून बघायची परवानगी आहे सगळ्यांना, तुम्ही बघाच, लाजू नका.

बाकीच्या तक्रारी छोट्या. जिना चढायचा आहे, लिफ्ट नाही, आत्यांचे गुडघे दुखतात आणि तिथे येणारे बरेच आजीआजोबाच आहेत. टोकन बोर्डचं, म्हणजे काम झालं की एकेक टोकन चिकटवायच्या पाटीचं, किट काउंटरवर विकतात ते अजिबात घेऊ नका, पुठ्ठा, बाटलीची झाकणं आणि वेलक्रो एवढ्यात घरी होतं, आमचं तसंच आहे आणि चालतंय. फी सांगलीच्या मानानं जास्त वाटली पण एका फीमध्ये घरातले कितीही जण बसू शकतात, त्यामुळे आजी, काका, मावशी सगळ्यांना न्या. शनिवार दुपार ही वेळ एमआयडीसीत शिफ्टला जाणाऱ्या बाबांना जमत नाही, आमच्या बॅचमध्ये बाबा बोटावर मोजण्याइतके, रविवारची बॅच काढायलाच हवी. घरी येऊन बघणं फक्त सांगली मिरज कुपवाडमध्ये, जत आटपाडीकडच्या लोकांना व्हिडिओ कॉलवर भागवावं लागतं आणि कॉलवर वेळ कमी देतात. आणि एक कमतरता विषयातलीच, मिक्सरचा आवाज त्याला नेमका एवढा का बोचतो यावर तिथे फारसं मिळत नाही, वागण्यापलीकडे ते जात नाहीत, त्यासाठी आम्ही ऑक्युपेशनल थेरपीवाल्यांकडे वेगळं जातो आणि तुम्हालाही जावं लागेल.

फरक किती पडला हे सगळे विचारतात. डोकं आपटणं घरात खूप कमी झालंय, वहीतल्या आलेखावर ते उतरताना दिसतं आणि मध्येच एक उंच टोक दिसतं तो मी सांगितला तो भडका. लग्नाच्या हॉलमध्ये बँडच्या जवळ अजूनही होतं, तिथे आम्ही लवकर बाहेर पडतो. आमराई बागेत आता तो झोपाळ्यासाठी थांबतो, हे आधी शक्यच नव्हतं. सेंटरनं एकदाही ‘बरा होईल’ असं म्हणलं नाही, आणि जे कुणी तसं बोर्डावर लिहितात त्यांच्यापासून कृपा करून लांब राहा.

जाणार असाल तर आठवडाभराची तीन रकान्यांची वही आधीच लिहून न्या, पहिला शनिवार वाया जात नाही. चार्ट सगळे इंग्रजीत छापलेले देतात, मराठीतले पण आहेत, कपाटात ठेवलेले असतात, ते मागितल्याशिवाय देत नाहीत, घरच्यांसाठी दोन प्रती जास्त मागून घ्या.